भुजंग वस्तादांची रसीद

भुजंग वस्ताद लाटण्याचाही प्रकार विचारत. शेजारी नवराबायकोचं वाजलं की बाकीचे भांडण सोडवायला धावत, वस्ताद उंबऱ्यात उभे राहून विचारत, "लाटणं हातात धरून हानलं, का फेकून?" हातात राहतं ते शस्त्र, सुटून जातं ते अस्त्र, आणि दोरी बांधून फेकलं, ओढून घेतलं, तर तिसरा प्रकार. हे समजावून होईपर्यंत नवराबायको भांडण विसरून ऐकत बसलेली असत.

भूमच्या बाजारात एकदा दोघांची पायातल्या जोड्यांनी मारामारी झाली. जमादारानं साक्षीला यांना पुढं घेतलं. हे म्हणाले, "आधी प्रकार. एक जोडा हातातला हाय, एक फेकल्याला. दोन पंचनामे लागतील." जमादारानं दोघांना सोडलं आणि वस्तादांना हात जोडले.

तालमीत ते दांडपट्टा शिकवत. पट्टा वडिलांचा. त्याच्या मुठीत हात कोपरापर्यंत आत जातो. "पटवारीसाब, ह्यो सुटणारा प्रकारच न्हाय," असं मला अभिमानानं सांगत.

पटवारी म्हणजे मी. सरकारनं वस्तादांचा पट्टा परत दिला नाही, असं गावात अजून म्हणतात. सरकारकडं तो कुणी मागितलाच नव्हता. म्हणून हे लिहितो आहे.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर बिनपरवाना हत्यारं जमा करायचा हुकूम आला. वस्तादांनी पट्ट्याला तेल लावून तो चावडीवर आणला. मी रसीद दिली. अर्ज केला तर परवाना मिळेल, असंही मीच सांगितलं. त्यांनी आठ पानी अर्ज आणला. सात पानं हत्यारांचे प्रकार, आठव्यावर मागणी. तो शेरा मारून मी तालुक्याला पाठवायचा होता. त्याऐवजी चावडीवर मोठ्यानं वाचला, वस्तादांचा आवाज काढून. लोक पोट धरून हसले. हसता हसता कुणाचा तरी चहा पानांवर सांडला. डागाळलेला अर्ज पाठवायची लाज वाटली, दुसरा मागायची त्याहून जास्त. मी तो पेटीत टाकला.

दर सोमवारी वस्ताद येत.

"पटवारीसाब, काय खबर?"

"कागद वर गेलाय, वस्ताद."

"जाऊ द्या सावकाश. चढाला येळ लागतोच."

खंडेनवमीला घरोघरी विळे, खुरपी, तराजू पुजत. वस्ताद पाटावर माझी रसीद मांडून तिला हळदकुंकू वाहत. एका साली मला म्हणाले, "हिचा प्रकार कुठला लावावा?" सगळे हसले. मीही हसलो, आणि प्रसाद खाऊन घरी आलो.

अशी बरीच वर्षं गेली. मग वस्ताद गेले. तेराव्याला त्यांच्या बहिणीनं, गंगाबाईनं, ती रसीद माझ्या हातात दिली. कुंकवाखाली माझी सही दिसत नव्हती.

"राहू द्या तुमच्याकडंच," मी म्हणालो. "अर्जाचं काहीतरी होईल अजून."

"कशाचं होतंय, साब. पहिल्याच साली दादा तालुक्याला जाऊन आला. अर्ज आलाच न्हाय म्हणले तिथं."

"मग दुसरा का नाही दिला?"

"जुन्याची चौकशी लागंल, तुमची नोकरी जाईल म्हणला."

"आणि दर सोमवारी माझ्याकडं येत होते ते?"

"म्या बी तेच इचारलं. तर म्हणला, जायचं बंद केलं की मला समदं ठावं हाय हे त्याला कळंल. लेकराबाळाचा माणूस हाय, उगं लाजंल."