समुद्रतळीच्या गाळाची नळी दरबारीं फिरविली गेली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्यानें मुक्यास वाचा दिली त्यानेंच चिखलासही दिली, त्यास नमन करून लिहितों. शके सोळाशें एकोणसत्तर, प्रभवनाम संवत्सरे, आषाढमासीं उत्तरेकडील एका राज्यांत घात जाहला, आणि तो या हातें जाहला. त्या राज्यीं समुद्रकांठीं बर्फाचा कडा दोन कोस रुंद, आणि लोक म्हणत कीं सृष्टीपासून हलला नाहीं. महाराजांचे मनीं आलें कीं कड्याचे पायथ्याशीं पेठ वसवावी, आणि सत्तर घरें नेमिलीं, त्यांत आमची लेक भिवराबाई जावयासह होती. मग राणीसाहेब बोलिल्या, "आधीं समुद्रास तरी पुसा." तेव्हां बहिरोजी गाळपारखे यांस आज्ञा जाहली. बहिरोजी फटकळ, परंतु गाळ वाचण्यांत दुसरा नाहीं. त्यांनीं कड्यासमोर लांब नळी सोडून तळींचा गाळ थरांसह उचलिला, आणि वरचे टोकास तांबडा दोरा बांधिला. आज पडला तो गाळ वर, फार पूर्वीं पडला तो तळीं. बर्फ स्थिर असतां पिठासारखी माती बसते, आणि कडा मोडून हिमखंड वाहूं लागले म्हणजे ते वितळतांना पोटींचे खडे टाकीत जातात.

बहिरोजींचीं वस्त्रें ओलीं, म्हणोन ते देवडीवर राहिले. दरबारीं वस्तूंची मांडणी आम्हांकडे. रीत ऐशी कीं वस्तूचें मुख गादीकडे असावें. पाहतों तों दोऱ्याचे टोकास खडेच खडे! महाराजांपुढें हें मुख कैसें करावें? मग आम्ही दोरा सोडिला, स्वच्छ टोकास बांधिला आणि तें गादीकडे केलें. हरहर! बुद्धि शेण खाया गेली होती. मग त्रिमळपंत अमात्य यांनीं वाचिलें, "तळीं खडे, त्यांवर मऊ माती, मध्यें शिंपले, पुन्हां खडे, वर मऊ माती. कडा पूर्वीं दोनदां मोडला, आतां स्थिर जाहला." महाराज संतोषले आणि नगारा जाहला आणि माणसें गाड्यांसह पायथ्याकडे निघालीं.

नगारा ऐकोन बहिरोजी ओल्या वस्त्रानिशीं आंत घुसले आणि नळी पाहून ओरडले, "अहो, खडे वर होते! माझे हातास टोंचले! दोरा कोणीं हलविला?"  आम्ही हात वर केला. बहिरोजी म्हणाले, "मेल्या, हे खडे आजचे! कडा आतांच मोडतो आहे! आणि खालचे खड्यांवर उबदार पाण्याचे शिंपले आहेत, म्हणजे मागें एकदां सबंध गेला होता!" महाराज स्वतः घोड्यावर बैसले आणि आम्ही मागें धांवलों. अडुसष्ट घरें माघारीं फिरलीं. पुढें गेलेलीं दोन घरें दिसत होतीं, हाका मारीत होतों, तोंच कडा कोसळला. एवढा मोठा कडा, आणि डोळ्यांदेखत गेला! त्या दोहोंत भिवरा होती.

दुसरे वर्षीं बहिरोजींनीं तेथेंच नळी टाकिली. वर खडे आले, आणि खड्यांत पितळी पळी. दांड्यावर आम्हीच लग्नांत कोरविलेलें नांव, सौ. भिवराबाई. बहिरोजी फटकळ खरे, परंतु त्या दिवशीं त्यांनीं नळी आमचे हातीं उभी दिली.

सारांश, समुद्रानें खरें तेंच सांगितलें होतें, आम्ही तें स्वच्छ करून मांडिलें. नळी आमचे घरीं भिंतीशीं उभी आहे, आणि पळीकडचें टोक वर आहे.