योहान मास्तरांचा जागा बदाम

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. माझी शाळा चौथीतच सुटली, आणि अक्षर तर असं की चिठ्ठी पाठवली की वाणी हळदीच्या जागी हिंग देतो. तरी योहान मास्तरांविषयी लिहावंसं वाटतं, कारण भाजीवालीला शब्दाचं मूळ विचारणारा माणूस सोलापुरात दुसरा नसेल.

सकाळी भाजीवाली चाळीत आली की मास्तर मेथीची जुडी हातात घेऊन विचारायचे, "मावशी, मेथी हा शब्द कुठून आला?"

"मोहोळातनं आला, मास्तर. पहिल्या यष्टीनं," ती म्हणायची. "मूळ कशाला बघता? पाला बघा की!"

"मुळाशी जा, बाई, मुळाशी!" हे मास्तरांचं ठरलेलं वाक्य.

मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. समोरच्या खोलीत एकटेच राहत. त्यांची बायको मार्थाबाई बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी गेली. मास्तरांकडे इब्री, म्हणजे हिब्रू भाषेचा एक जाड शब्दकोश होता, कव्हर नसलेला. मायदेशी परतणाऱ्या कुणा गोऱ्या पाद्र्यानं सामान हलकं करताना दिलेला. तो मांडीवर घेऊन ते बायबलातल्या भविष्यवाण्यांमधल्या झाडांचे अर्थ लावत. अंजीर, द्राक्षवेल, काटेरी झुडूप, एकही सुटत नसे. आमचे हे दाढी करायला बसले की मास्तर दारात हजर. बायबलातल्या इशायाच्या वंशाच्या बुंध्याला धुमारा फुटतो त्याचा अर्थ सांगायला लागत. हे मान हलवायला जात आणि गाल कापून घेत.

सगळ्यांत लाडका बदाम. चाळीच्या चौकात नळाशेजारी एक देशी बदाम होता. त्याच्या बुंध्यावर हात ठेवून मास्तर सांगत, "यिर्मया संदेष्ट्याला देवानं काय दाखवलं? बदामाची फांदी! का? तर इब्रीत बदामाचं नावच जागण्यावरून पडलंय. बाकीची झाडं थंडीत झोपतात तेव्हा हा फुलतो. म्हणजे देव जागा आहे, दिलेल्या शब्दावर पहारा करतोय!"

आमचा बदाम मात्र थंडीत लालभडक व्हायचा आणि सगळी पानं चौकात टाकायचा. ती झाडताना शेजारची रामक्का म्हणायची, "जागं हाय म्हणं! घोरतंय बघा कसं."

बहात्तरच्या दुष्काळात चौकातला नळ कोरडा पडला. टँकर यायचा, त्यावर बायकांची झोंबाझोंबी. मास्तर आपल्या वाट्यातलं पाणी झाडाला घालत आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत. तेवढ्यानं भागेना, तेव्हा कळशी घेऊन दारोदार फिरू लागले. "उसनं द्या. फेडीन." प्रवचन टळावं म्हणून कुणी अर्धा तांब्या देई. मी यांना न सांगता थोडं जास्त देई. रामक्का मात्र सरळ म्हणे, "माणसाला प्यायला न्हाई आणि झाडाला कुठनं?"

शेवटी ठरलं, झाड तोडायचं. जळण तरी होईल. घरमालकही हो म्हणाला. मास्तरांनी हात जोडले. "रविवारपर्यंत थांबा. आमच्या चर्चच्या नव्या पाळकसाहेबांना आणतो. शास्त्रात काय आहे ते तेच सांगतील."

रविवारी पाळकसाहेब आले. तरुण पोरगा, चष्मेवाला. चहा घेतला, झाड खालून वर पाहिलं. खोटं बोलणं बिचाऱ्याला जमेना. "मास्तर, शास्त्रातला बदाम हा नव्हे. त्याची जातच निराळी. तो आपल्याकडे येत नाही."

चौक हसला. "म्हंजे इतके दिस आमी भलत्याच झाडाचं कीर्तन ऐकलं व्हय?" रामक्का म्हणाली. कुऱ्हाडवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं.

संध्याकाळी मी मास्तरांना भाकरी-आमटी द्यायला गेले. परपुरुषाशी मी चार शब्द बोलत नाही, पण त्यांचा चेहरा पाहून राहवलं नाही. "मास्तर, तुमालाबी ठाऊक नव्हतं का?"

त्यांनी शब्दकोश उघडून दाखवला. बदामाच्या शब्दाशेजारी त्यांनी मासिकातलं एक चित्र कापून चिकटवलं होतं. बारीक पानं, फिकट गुलाबी फुलं. आमच्या झाडाशी काडीचंही साम्य नाही.

"पहिल्यापासून ठाऊक होतं, सरूबाई," ते म्हणाले. "झाड मार्थेनं लावलंय. नवी नवरी होती तेव्हा, तुम्ही कुणी इथं आलाही नव्हता. बिया फोडून चाळीतल्या पोरांना गर द्यायची. आता माझ्या बायकोच्या झाडाला पाणी द्या, असं म्हणत दारोदार कसा फिरू? लाज वाटली. म्हणून यिर्मयाला मध्ये घातलं. पाळकसाहेब सांभाळून घेतील असं वाटलं होतं."

सकाळी कुऱ्हाडवाला आला. चौकात सगळ्यांसमोर बोलायची माझी छाती नाही. मी पदर सावरत रामक्काच्या कानात सांगितलं. रामक्काच्या कानात सांगणं म्हणजे गिरणीचा भोंगा वाजवणं.

"मास्तर!" ती ओरडली. "मार्थाबाईचं झाड हाय म्हणून आधी सांगायचं की! त्या परदेशातल्या देवमाणसाला कशाला तरास दिला?" आणि तांदूळ धुतलेलं पाणी तिनं बुंध्याशी ओतलं. कुऱ्हाडवाला चहा पिऊन परत गेला. त्या दिवसापासून घरोघरचं भांड्यांचं पाणी मोरीऐवजी बदामाला जाऊ लागलं.

पुढं नळाला पाणी आलं. मास्तर भरलेली कळशी घेऊन पुन्हा दारोदार फिरले, या वेळी फेडायला.

"पाण्याची कुटं उसनवारी असती काय?" रामक्का म्हणाली.

"शब्दाच्या मुळाशी जा, बाई..."

"मुळाशी नको, मोरीशी ठेवा."

माझ्या दारी ते सगळ्यांत शेवटी आले. घासून लखलखीत केलेली कळशी, वर धुतलेलं फडकं. मी नको म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "घ्या, सरूबाई. एवढी घेतली की सगळं फिटलं. मार्था आता कुणाचं देणं लागत नाही."

मी दोन्ही हातांनी कळशी आत घेतली.