कोर्टात गेलेली भांडी

मार्वा नायगार्ड गेल्याचं सकाळी गावाला कळलं आणि दुपारपर्यंत तिच्या स्वयंपाकघरात भांडी ठेवायला जागा उरली नाही. त्या गावात माणूस गेलं की लोक फारसं बोलत नाहीत, भट्टीत काहीतरी भाजून आणतात. काचेचं खोलगट भांडं, आत शेवया, वर चीज, बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर मालकिणीचं नाव. भांडं ओट्यावर ठेवायचं, तिच्या नवऱ्याला "एल्डन, काही लागलं तर सांग" म्हणायचं आणि निघायचं. बाहेर गाडी चालूच ठेवलेली असते. मिनेसोटाच्या जानेवारीत बंद केलेली गाडी पुन्हा चालू होईलच असं नाही.

एल्डनला लागत काहीच नव्हतं. कुणीतरी गाडी बंद करून आत यावं आणि थोडा वेळ बसावं, एवढंच वाटत होतं. पण असलं काही कुणाला सांगतात का?

मार्चमध्ये ज्युरीसाठी हजर राहण्याचं कोर्टाचं बोलावणं आलं. शेजारच्या ड्वेनलाही आलं होतं. दारातच उभं राहून त्यानं एल्डनची शिकवणी घेतली.

"सुटायचं कसं ते ऐक. ज्युरी निवडताना वकील विचारतो, तुमचं मन कुठल्या बाजूला झुकलेलं तर नाही ना? आपण म्हणायचं, आरोपीचं थोबाड बघूनच मला सगळं कळतं. लगेच घरी पाठवतात."

"घरी येऊन काय करू?"

"बरं, गाडी चालू आहे," म्हणून तो गेला.

मुळात एल्डनला सुटायचंच नव्हतं. त्यानं सगळी चौकशी करून ठेवली होती. बारा माणसं, एक खोली, दाराबाहेर पोलीस. निकाल होईपर्यंत कुणी उठून जायचं नाही. जेवण कोर्टाचं. अशी सोय गावात दुसरीकडे कुठंच नव्हती.

निघताना त्याच्या मनात आलं, निम्मं गाव तिथं येणारच आहे, तर घासून ठेवलेली भांडीही पोचवून टाकू. त्यानं दोन खोकी भरली.

"यात काय?" दारावरच्या पोलिसानं अडवलं.

"भांडी."

"कोर्टात?"

"तुझ्या आईचंही आहे."

पोलिसानं आईचं भांडं काढून टेबलाखाली ठेवलं आणि त्याला आत सोडलं.

आत व्हरांड्यात सरकारी वकील मिस ब्रँडवोल्ड समोरूनच आल्या. एल्डननं त्यांचं भांडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनीही सवयीनं "थँक्यू" म्हणून घेतलं. पलीकडच्या टोकाला आरोपीचे वकील ओक्विस्ट उभे होते, हे दोघांनाही दिसलं नाही.

आरोपी रस्टी पेल्के. गोठलेल्या तलावावर बसून मासे धरण्यासाठी लोक लाकडी खोपटं उभारतात. तसं दुसऱ्याचं एक खोपटं रस्टीनं गाडीला बांधून ओढून नेलं, असा आरोप होता. रस्टीचं म्हणणं, गुडघ्याच्या दुखण्यामुळं या हिवाळ्यात आपण तलावावर पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. तो बसल्या बसल्या डावा गुडघा चोळत होता.

आधी ड्वेनचा नंबर लागला. थोबाडाची युक्ती दोघांनी आधीच वापरली होती, म्हणून त्यानं बेत बदलला.

"मला ऐकूच येत नाही, जजसाहेब."

जज हाउगेन यांनी मान वर केली नाही. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "जेवायला टर्कीचं सँडविच चालेल?"

"चालेल की," ड्वेन म्हणाला आणि ज्युरीत जाऊन बसला.

मग एल्डन. त्यानं उजवा हात वर करून खरं सांगण्याची शपथ घेतली. तेवढ्यात ओक्विस्ट उठले.

"जजसाहेब, या गृहस्थांनी मघाशी बाहेर सरकारी वकिलांना काहीतरी दिलंय. मी डोळ्यांनी बघितलं."

"काय दिलंत?" जजनी विचारलं.

"त्यांचं भांडं."

"काय होतं त्यात?"

"आज काही नव्हतं. जानेवारीत ट्यूना आणि मटार होते."

"आवडलं असेल तुम्हाला," ओक्विस्ट खोचकपणे म्हणाले.

एल्डननं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "कुत्र्याला घातलं. त्यानं मटार तेवढे ठेवले."

मिस ब्रँडवोल्ड कागदांत बघायला लागल्या. ओक्विस्ट खूश झाले. "म्हणजे सरकारी बाजूकडे तुमचा ओढा नाही. माझी हरकत मागे."

"तुमच्या मिसेसचंही आहे खोक्यात," एल्डन म्हणाला. "ते तर त्यानं हुंगलंसुद्धा नाही."

लोक हसले. जजनी हातोडा आपटला. "थोडक्यात, दोन्ही बाजूंबद्दल तुमचं मत सारखंच आहे."

"हो. आणि जजसाहेब, तुमच्या घरून आलेलं ते—"

"त्याचा या खटल्याशी संबंध नाही," जज घाईनं म्हणाले.

एल्डनला रिकामी खुर्ची समोर दिसत होती. ड्वेनच्या शेजारचीच होती. जजचा एकच प्रश्न उरला होता.

"आरोपीशी तुमचा काही संबंध?"

नाही म्हटलं की खुर्ची आपली. पण शपथ घेतली होती.

"त्यानंही आणलं होतं," एल्डन म्हणाला. "धुरावर भाजलेले मासे. मार्वा गेली त्याच दिवशी. ते मात्र मी सगळे खाल्ले."

रस्टी खुलला. "सांगितलं असतंस तर आणखी आणले असते."

मिस ब्रँडवोल्ड सावकाश उभ्या राहिल्या. "कधी धरलेले होते ते मासे?"

"आदल्या दिवशी म्हणाला. तलावावर. नवीन खोपटात इतकी ऊब असते की कोट काढून..."

एल्डनची नजर रस्टीच्या गुडघ्याकडे गेली. रस्टी आता उजवा गुडघा चोळत होता.

थोड्या वेळासाठी काम थांबलं. ओक्विस्ट रस्टीला घेऊन कोपऱ्यात गेले आणि परत आल्यावर रस्टीनं गुन्हा कबूल केला. जजनी सगळ्यांचे आभार मानून ज्युरीला सुट्टी दिली.

"एल्डन, एका वाक्यात सगळ्यांना सोडवलंस की," म्हणत लोकांनी त्याची पाठ थोपटली. ड्वेन गाडी चालू करायला आधीच खाली धावला होता. एल्डन तेवढा बाकावर बसून राहिला.

पण जेवण येऊन पडलं होतं. "परत घेत नाहीत ते. खाऊन जा," पोलीस म्हणाला. फुकटचं टाकून जाणारं त्या गावात कुणी नव्हतं. सगळे ज्युरीच्या खोलीत शिरले. ड्वेनही सँडविचपुरता वर आला. एल्डननं एकेकाचं भांडं बुडाचं नाव वाचून दिलं.

"एक राहिलंय," तो म्हणाला. "घरी, फ्रीझरमध्ये. निळ्या फुलांचं, भरलेलं. पट्टीच नाही त्याला. दुकानात विचारलं, चर्चमध्ये विचारलं. कुणाचं आहे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. चर्चच्या स्वयंपाकघराचं बघणाऱ्या बर्निसनं हातातलं सँडविच खाली ठेवलं.

"एल्डन, पट्टी आपण बाहेर जाणाऱ्या भांड्याला लावतो. घरातच राहणाऱ्या भांड्याला कोण कशाला लावेल?"

ड्वेन उठून बाहेर गेला. चालला, असं एल्डनला वाटलं. खिडकीखाली गाडीचा आवाज येत होता, तो थांबला. मग ड्वेन जिना चढून वर आला, कोट काढला आणि एल्डनशेजारी बसला.

"टर्की उरलंय का अजून?"

बाकी सगळी भांडी ज्याची त्याला पोचली. मार्वाच्या हातचं, निळ्या फुलांचं फ्रीझरमध्येच आहे. ते गरम करून खायचं अजून राहिलं आहे.