विषाणूचं नामकरण

रानातल्या माकडांत नवा विषाणू सापडल्याची आमच्या प्रयोगशाळेने अत्यंत गांभीर्याने नोंद घेतली. त्याची तीस हजार अक्षरांची जनुकीय कुंडली मांडली, ती जगातल्या एकाही विषाणूशी जुळेना, आणि संचालकांनी नवा कोट शिवायला टाकला.

शोध म्हटला की नाव आलंच. संचालक म्हणाले, "माझं नाव द्या असं मी म्हणणार नाही. तुम्हीच म्हणा." उपसंचालिकाबाईंचं म्हणणं, नमुने आमच्या विभागाने तपासले, मान आमचा. झालं! नामकरण समिती बसली. आणि बसलेली समिती इतक्यात उठते थोडीच!

तेवढ्यात माकडं धरणारा आमचा पिंजरेवाला तापाने फणफणला. माकडाने त्याचा अंगठा चावून फोडला होता. त्याच्या रक्तातही तोच विषाणू निघाला. त्याची बायको संचालकांच्या दाराशी आली.

"साहेब, इस्पितळात घेत नाहीत हो त्यांना. साथीच्या वॉर्डात आधी आजाराचं नाव विचारतात."

"नाव विचाराधीन आहे, बाई. तोवर त्यांना म्हणावं, जरा कळ काढा."

मग बाहेर बोभाटा झाला, की हा विषाणू माणसालाही धरतो. त्या दुपारी समितीत विनयाला काय भरती आली म्हणता! संचालक म्हणाले, मान बाईंचाच. बाई म्हणाल्या, "इश्श, साहेब असताना मी कोण?" शेवटी एकमताने ठरलं: 'पिंजरेवाला विषाणू'. कष्टकऱ्याचा गौरव म्हणे! लाजा कशा वाटत नाहीत मेल्यांना!

नाव मिळालं, वॉर्डाचं दार उघडलं. पिंजरेवाला आत गेला, तो परत आलाच नाही.

शोकसभेत संचालक नव्या कोटात उभे राहिले आणि अडले. 'पिंजरेवाला गेला' म्हणावं, तर विषाणूच गेला असा अर्थ निघतो.

"अहो, त्याचं खरं नाव काय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

विषाणूची अक्षर न् अक्षर ओळखणारी आम्ही मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. बायको दारातच उभी होती. तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

हसताय काय? विषाणूला नाव मिळतंय का, ते बघत तुम्हीही इथवर आलात. त्या माणसाचं नाव कुठे विचारलंत?