हा तास कोणाचा?

हमीद मिस्त्री भेटायला आलेल्या माणसाला एका बिडीएवढा वेळ देत. माणूस ओट्यावर टेकला की ते बिडी पेटवत आणि ती विझली की उठून उभे राहत. "झाला टाइम," एवढेच म्हणत. मग समोरच्याचे वाक्य अर्धे असले तरी अर्धेच. माझ्या मेहुण्याने एकदा त्यांना आपल्या पोटाच्या दुखण्याची हकिकत सांगायला घेतली होती. ती दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली आणि बिडी संपली. मेहुणा अजून त्या पायरीवरच आहे.

नेरच्या एका जिनिंग कारखान्यात ते फिटर होते आणि मी फाटकावरचा हजेरीबाबू. घरेही एकाच गल्लीत. मागच्या आठवड्यात ते गेल्याचा चाळिसावा झाला. फातिहा आटोपल्यावर त्यांच्या पुतण्याने खुंटीवरून एक माळ काढली. तारेत ओवलेल्या झिजक्या चामड्याच्या चकत्या. "बाबूजी, हे काय होय? फेकून देऊ काय?" मी ती घरी आणली. समोर ठेवून हे लिहितो आहे. तिला अजून मशीनच्या तेलाचा वास येतो.

मिस्त्रींचा एक ठरलेला प्रश्न होता. "हा तास कोनाचा?" जगातला प्रत्येक तास कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि तो न विचारता घेणारा चोर, असे त्यांचे मत होते. एकदा एका हमालाच्या मुलीच्या लग्नात बाराची पंगत एकला बसली. मिस्त्रींनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन शांतपणे विचारले, "भाऊ, हा तास कोनाचा? माहा का तुमचा?" तो आधीच व्याह्यांनी गांजलेला. हात जोडून म्हणाला, "माहाच धरा मिस्त्री, पन आता जेवाले बसा."

मी फाटकावर पुस्तक उघडून बसलो की जाता जाता विचारत, "बाबू, पुस्तक शेठच्या टायमात वाचून राह्यले का आपल्या?"

"शेठच्या," मी म्हणे.

"मंग वाचा." आणि समाधानाने आत जात.

मशिदीत मात्र प्रवचन कितीही लांबले तरी त्यांनी खिशातले घड्याळ कधी काढले नाही. "थो मालक येगळा हाये," म्हणत.

विदर्भ मुंबई राज्यात गेल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात त्यांचा शेठजींशी तंटा लागला. सरकी काढणाऱ्या चरख्याच्या रुळावर चामड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात. दिवसभर कापूस ओढून त्या गुळगुळीत होतात. त्यांना पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, झिजलेल्या बदलाव्या लागतात, आणि हे काम चरखा थांबल्यावरच करता येते. सहाला भोंगा होई, मजूर घरी जात आणि मिस्त्रींचे काम तिथून सुरू होई. ते दोन दोन तास चाले. या जादा कामाचा पैसा मात्र मिळत नसे.

"चरखे बंद म्हणजे कारखाना बंद," शेठजींचा कारभार पाहणारे दिवाणजी म्हणत. "बंद कारखान्यात ओव्हरटाइम कसला?"

"दिवानजी, डाक्टर पोट फाडते तं पेशंटले निजवून फाडते, का पयता पयता?"

"मिस्त्री, राज्य बदललं म्हणून तास बदलत नसतात. रजिस्टर काय म्हणतं? तुम्ही आत होता, एवढंच म्हणतं. आत बसून बिड्या ओढल्या असतील."

हे शेवटचे मिस्त्रींना लागले. त्या संध्याकाळपासून काम संपले की बदललेल्या चकत्यांपैकी एक ते तारेत ओवू लागले. एका संध्याकाळची एक चकती. माझ्यापुढे येऊन ती दाखवत आणि रजिस्टरात बाहेर पडल्याची वेळ लिहून घेत.

माघात त्यांची बायको, जैतूनभाभी, तापाने गेली. त्यांना मूलबाळ नव्हते. चौथ्या दिवशी मिस्त्री कामावर हजर झाले, आणि पुढे बरेच दिवस रोज नऊ वाजेपर्यंत आतच. चकती दाखवायचे त्यांनी सोडून दिले होते. ते माझ्या ध्यानात आले नाही. मी वेळ लिहिता लिहिता चेष्टेने म्हणालो, "मिस्त्री, यंदा शेठला धुऊन काढता काय?" मिस्त्रींनी रजिस्टर आपल्याकडे वळवले. लिहिलेली वेळ बरोबर आहे का ते पाहिले आणि निघून गेले. हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर बरे झाले असते.

मिस्त्रींच्या तक्रारीवरून उन्हाळ्यात यवतमाळच्या कामगार कचेरीतून बोलावणे आले. आदल्या दिवशी दिवाणजी मला म्हणाले, "बाबू, रजिस्टर सापडलं नाही तरी चालेल." मी मान हलवली आणि सकाळी रजिस्टर पिशवीत घालून एस.टी.त बसलो. एवढे धाडस मी त्याआधी केले नव्हते, नंतरही नाही. मिस्त्रींनी माळ छातीशी धरली होती. चामड्याच्या वासाने यवतमाळच्या स्टँडवरून एक कुत्रे आमच्या मागे लागले आणि कचेरीच्या पायरीपर्यंत आले.

साहेब तरुण होते, पडशाने बेजार. मिस्त्रींनी माळ त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, आणि तो काढलाच नाही. त्यांनी शिपायाकडून चकत्या मोजवल्या आणि मला रजिस्टर वाचायला सांगितले.

चकत्या बावन्न भरल्या. रजिस्टरात त्याच मुदतीत सहानंतर थांबल्याच्या संध्याकाळी एकाहत्तर निघाल्या.

शेठजींच्या वतीने आलेले दिवाणजी खुर्चीत पुढे सरकले. "पाहा साहेब. त्याचा हिशेब त्यालाच जुळत नाही. सगळंच बनावट."

 मी आणलेल्या रजिस्टरानेच मिस्त्री बुडत होते.

"जुयते साहेब," मिस्त्री म्हणाले. "थे एकोनीस दिस धरू नका."

"का? काम केलं नाही?"

"केलं. रोजच्यापेक्षा जादा केलं."

"मग?"

मिस्त्री टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाले, "त्या दिसाईत मले कोनी थांबवलं नोतं. घरवाली गेलती. घरी जाऊन करू काय? म्हनून रूळ घासत बसलो. थे तास माहे होते साहेब. माहे तास मी शेठले कायले विकू?"

दिवाणजी खिडकीबाहेर पाहू लागले. साहेबांनी रुमाल खाली घेतला आणि कागदावर बावन्न लिहिले.

शेठजींनी त्या बावन्न संध्याकाळींचे पैसे पुढच्या हंगामात दिले, दोन हप्त्यांत. मिस्त्री त्याबद्दल कधी बोलले नाहीत. माझ्या डोक्यात मात्र ते एकोणीस दिवस राहिले. ते सगळे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

सुनावणीच्या त्या दिवशी परतीची गाडी तासभर उशिरा सुटली. मिस्त्री कंडक्टरला विचारतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी विचारले नाही. नेरला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीत माझ्या घरी कंदील लागला होता. त्यांच्या दाराला कुलूप होते. कुलूप न काढताच ते ओट्यावर बसले, म्हणून मीही टेकलो. त्यांनी बिडी पेटवली.  बिडी विझली तसा मी सवयीने उठलो.

"बसा ना बाबू," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी दुसरी पेटवली.