बंदुकीची पक्की व्याख्या

हेडक्लार्क उद्या निवृत्त होणार होते. तेहतीस वर्षांत 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' याखेरीज त्यांच्या हातून एक वाक्य उतरले नव्हते. म्हणून 'कार्यालयात बंदूक आणण्यास मनाई' या नियमासाठी साहेबांनी बंदुकीची व्याख्या मागितली, तेव्हा म्हातारा मोहरला. चला, निदान एक वाक्य तरी मागे राहील!

"स्फोटाच्या जोरावर गोळी फेकणारे साधन," त्यांनी वाचून दाखवले.

"आणि हवेवर चालणारी? ती काय पिचकारी?" साहेब म्हणाले. "पळवाट नको. मुंगी शिरता कामा नये."

हेडक्लार्कांनी हवा घातली. साहेबांनी स्प्रिंग घालायला लावली. गोळीऐवजी कुणी छर्रा भरला तर? गोळीची 'वस्तू' झाली. अखेर ठरले: 'स्फोट, हवा अथवा स्प्रिंग यांच्या जोरावर नळीतून वस्तू बाहेर फेकणारे कोणतेही साधन म्हणजे बंदूक.' साहेबांनी खिशातले पेन खटकन दाबून झोकात सही ठोकली.

नियम फाटकावर लागला. चौकीदार अक्षराला पक्का. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने टायपिस्टबाईंचे पेन उघडून पाहिले, तर रिफिल थेट मिशीत.

"नळी आहे, स्प्रिंग आहे, वस्तू बाहेर आली. जमा करा, बाई."

चार वाजेपर्यंत अख्ख्या कार्यालयाची पेने पोत्यात गेली. साहेबांचेसुद्धा.

"अक्कल गहाण टाकलीस काय रे?" साहेब कडाडले. "आणि तुझ्या खांद्यावर काय लटकतंय?"

"ही? चाप ओढला की नुसती खोकते, साहेब. काही बाहेर पडत नाही. नियमात बसत नाही."

साहेब हेडक्लार्कांवर घसरले. "आत्ताच्या आत्ता नियम रद्द! आणा कागद, सही करतो."

"कशानं, साहेब?"

"पेन्सिल द्या!"

"पेन्सिलीची सही चालत नाही. आपलंच परिपत्रक आहे."

"मग बाहेरच्या दुकानात जाऊन करतो!"

"कागद बाहेर न्यायला पास लागतो," चौकीदार नम्रपणे म्हणाला, "अन् पासावर आपली सही."

नियम राहिला.

दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ झाला. भेट म्हणून आणलेले सोनेरी पेन फाटकावरच जमा झाले होते. हेडक्लार्कांनी कुरकूर केली नाही. जाताना फाटकावरचे वाक्य वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. चौकीदाराने रिवाजाप्रमाणे त्यांचे खिसे तपासले. आतल्या खिशात शाईचे जुने पेन निघाले.

"यात स्प्रिंग नाही, भाऊसाहेब. न्या खुशाल." मग तो थबकला. "पण मग काल साहेबांना का नाही दिलंत?"

"त्यांनी पेन्सिल मागितली होती," हेडक्लार्क म्हणाले आणि छत्री काखेत मारून चालू लागले.