अभिमन मास्तरांनी ट्रंपेटे माघारी घेतली, त्याची हकीकत

तापीमाईस नमस्कार घालून, कानबाईस स्मरून, कोणाची भीड न धरता जैसे घडले तैसे लिहिले असे. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, पौषमास. नरडाण्याचे बँडपथकाचे सरदार, क्लॅरिनेटबहाद्दर राजश्री अभिमन मास्तर यांनी तीस वर्षे खानदेशची लग्ने वाजविली, आणि मग मुलखात डीजेचा अंमल बसला, आणि मास्तरांच्या सुपाऱ्या आटल्या, त्यात पौषात लग्नतिथी नाही, सबब फौज घरी बसोन आणि ताशे खुंटीस. ऐशा समयी धुळ्याचे कॉलेजातील शीतलबाई, उमर बावीस परंतु दरारा फौजदाराचा, यांनी अठरा मिनिटांचा सिनेमा केला आणि संगीताची कामगिरी मास्तरांस सांगितली. पडद्यावर मास्तरांचे नाव स्वतंत्र येईल, ऐसे अभयवचन दिले. आजवर ते नाव बँडगाडीचे पाठीमागे होते, तेही चिखलाने निम्मे झाकलेले. मास्तर बहुत हरखले.

सिनेमाचा मजकूर येणेप्रमाणे: बाप लेकीस सायकल शिकवितो, आणि मग लेक मोठी होऊन नोकरीस सुरतेस निघते, आणि बाप तिला स्टेशनी गाडीत बसवून देतो व एक अक्षर बोलत नाही. बाप जाहले होते निंबा आबा, खासे शेतकरी, ज्यांस कॅमेऱ्यापुढे शब्द म्हणोन फुटेना. मास्तरांनी मसलत केली की, गाडी सुटते हाच निकराचा प्रसंग, येथे हात राखून चालणे नाही. मग चार ट्रंपेटे, दोन ताशे, एक ढोल आणि झांजा ऐसा अवघा तोफखाना त्या एका जागी लाविला.

मग प्रेमराज शेठ यांचे मंगल कार्यालयात, भर दुपारी खिडक्यांस गोधड्या बांधोन, पहिली चाचणी जाहली. लोक यावेत म्हणोन शेठनी मागील अंगास वरण-बट्टीचा बेत ठेविला होता. पडद्यावर गाडी हलली, निंबा आबांचे डोळे भरले, आणि तोच तोफखाना सुटला. धून तीच, जी मास्तर तीस वर्षे त्याच कार्यालयात शेवटचे मंगलाष्टक संपताच वाजवीत आले. ती कानी पडताच दोनशे असामी एकदिलाने उठली आणि पंगत धरावयास धावली. पडद्यावर बाप एकटा रडत राहिला. ताईबाई आजी गुडघे धरल्यामुळे तेवढ्या मागे उरल्या, आणि त्यांनी मास्तरांस निवाडा ऐकविला: "बाप रडी राहिना, नि मास्तर, तुमनी वरात निंघनी."

शिकस्त मोठी जाहली. शीतलबाईंनी फर्माविले की, आठ रोजांत बंदोबस्त व्हावा, न जाहल्यास इंटरनेटावरील तयार संगीत भरण्यात येईल व मास्तरांचे नाव पडद्यावरील पाटीवरून उतरेल. तोवर मास्तरांनी सिनेमा मोबाइलावर आवाज बंद करोन पाहात जावा. मास्तरांस हे फार लागले. त्या दिवशी घरी जाऊन ते जेवले नाहीत आणि पत्नीने विचारिले तेव्हा दात दुखतो ऐसे खोटे बोलले.

मग मास्तर मोबाइलास वेढा घालोन बसले. सहा वेळा पाहिले, काही हाती लागेना. सातव्या वेळी दिसले की, सायकलीमागे धावताना निंबा आबांचे ओठ गोल होतात. मास्तर तडक हरभऱ्याच्या शेतात त्यांजपाशी गेले व कारण पुसिले. आबा लाजले. मग म्हणाले, "शीळ घालस मी. मन्ही पोर सायकल शिके तवय बी घालू. तिले समजाले पाहिजे, मी मांगेच शे." आणि त्यांनी चार सुरांची शीळ घालोन दाविली. तीस वर्षे आपण लोकांच्या लेकी वाजतगाजत सासरी धाडिल्या, परंतु बापाच्या तोंडाकडे एकदाही पाहिले नाही, ऐसे त्यांचे मनी आले.

परतोन त्यांनी फौजेस हुकूम केला की, ट्रंपेटे, ताशे, ढोल यांनी माघारी फिरावे. यावर ट्रंपेटाचे सरदार दीपक रुसले, आणि त्यांची समजूत काढण्यात दोन रोज व पाच चहा खर्ची पडले. मग मास्तर एकटे क्लॅरिनेट घेऊन मोहिमेस निघाले.

आठवे रोजी त्याच कार्यालयात, त्याच बेतानिशी, दुसरी चाचणी. सायकलीमागे बाप धावला, तेथे क्लॅरिनेटावर चारही सूर वाजले. लेकीचा तोल सावरला, पुन्हा चार सूर. पुढे स्टेशनी काहीच वाजले नाही. गाडी हलली, बापाचे ओठ मिटलेले, आणि क्लॅरिनेटाने पहिले दोन सूर काढिले आणि थांबले. उरलेले दोन सभेस ठाऊक होते. ते कोणी वाजविले नाहीत, आणि सभेत पदर डोळ्यांस लागले, आणि रुसलेले दीपकही भिंतीकडे तोंड करोन नाक पुसू लागले.

मास्तरांचे लक्ष पडद्यावर नव्हतेच. ते खाली वाकोन लोकांचे पाय पाहात होते की कोण उठतो. पाटीवर "संगीत: अभिमन मास्तर" ऐसे नाव आले आणि गेले, ते त्यांस दिसलेच नाही. दोनशे असामींपैकी एकही पाय हलला नव्हता.

येणेप्रमाणे पौष वद्य पंचमीस फत्ते जाहली. पुरावा म्हणोन नोंद केली असे की, मागील अंगास वाफाळते वरण निवाले, तुपाचे थर गोठले, आणि आचाऱ्याने दोनदा येऊन वर्दी दिली तरी सभा बसोन राहिली. तेव्हा ताईबाई आजींनी डोळे न पुसताच सांगितले, "बट्ट्या थंड्या व्हई गयात, ते व्हऊ द्या."